वजीर गेला, पण डाव जिंकला

आपल्या शाळेच्या बुद्धिबळ मंडळाच्या यंदाच्या स्पर्धेत शेवटच्या फेरीत एक डाव झाला. आठवीतल्या एका विद्यार्थ्याने आपला वजीर प्रतिस्पर्ध्याच्या राजासमोरच्या प्याद्यावर नेऊन आपटला. भोवती उभ्या असलेल्या मुलांनी "अरे!" म्हणून ओरडा केला. काळ्या राजाने वजीर मारला. मग आपल्या खेळाडूने उंटाने शह दिला, राजा एक घर बाजूला सरकला, आणि तिसरा शह द्यायला पटावर मोहराच उरला नाही. पुढच्या दहा-बारा चालींत डाव हातचा गेला.

त्या वेळी आम्ही मंडळाचे शिक्षक म्हणून तिथेच उभे होतो. "एवढी घाई कशाला केलीस? वजीर असा फुकट घालवायचा असतो का?" असे आम्ही सर्वांसमोर बोलून गेलो. पुढच्या शनिवारी तो मुलगा मंडळात आला नाही. त्याच्या पुढच्या शनिवारीही आला नाही. तेव्हा आमच्या लक्षात आले की आम्ही त्याला चूक झाली एवढेच सांगितले, ती कुठे झाली हे सांगितलेच नाही. वजीर देऊनही डाव जिंकता येतो. कधी येतो आणि कधी येत नाही, हे समजावून सांगणे हे आमचे काम होते. ते या लेखात करीत आहोत.

घरात पट असेल तर समोर मांडून घ्या. बाबा किंवा आजोबा खेळत असतील तर त्यांनाही बसवा. पटाच्या उभ्या रांगांना ए पासून एच पर्यंत अक्षरे आणि आडव्या रांगांना १ ते ८ आकडे असतात, हे आपल्याला ठाऊक आहेच. पांढऱ्याचा राजा ई-१ वर आणि काळ्याचा राजा ई-८ वर असतो.

हल्ला म्हणजे काय?

पुष्कळ मुलांना वाटते की हल्ला म्हणजे धाडस. धाडस लागतेच, पण ते शेवटी. आधी लागतो हिशेब. आपल्याकडे आई-आजी पाऊस सुरू होण्याआधी पुरुमेंत करून ठेवतात. सुकी मासळी, मीठ, मिरच्या, कोकम, लाकूडफाटा, सगळे घरात आले की मग पाऊस कितीही कोसळो, काळजी नसते. बुद्धिबळातल्या हल्ल्याचेही तसेच असते. घोडे, उंट, हत्ती आधी घराबाहेर पडून आपापल्या जागी बसलेले असले पाहिजेत. आपला राजा किल्लेकोट करून सुरक्षित झालेला असला पाहिजे. ही बेगमी नसताना केलेला हल्ला दोन शहांत संपतो.

दुसरी गोष्ट म्हणजे समोरच्या राजाची स्थिती. आपल्या वाळपईजवळच्या नाणूसच्या किल्ल्याचे नाव सत्तरीतल्या प्रत्येक मुलाने ऐकलेले आहे. १८५२ साली दीपाजी राणे यांनी पोर्तुगीजांविरुद्ध बंड पुकारले तेव्हा हा किल्ला ताब्यात घेतला होता. किल्ला कुठलाही असो, दरवाजे बंद होऊन तटावर माणसे उभी राहिली की तो घेणे अवघड होते. दरवाजा उघडा असतानाची वेळ वेगळी असते. पटावरही राजा मधल्या रांगेत उघडा असेल तर हल्ल्याला वाव असतो. किल्लेकोट झालेला, पुढे तीन प्यादी जागच्या जागी, शेजारी घोडा पहाऱ्यावर, अशा राजावर दोन मोहऱ्यांनिशी धावून जाणे म्हणजे बंद दरवाजावर डोके आपटणे.

तिसरी गोष्ट मोहऱ्यांच्या किमतीची. प्याद्याचा १ गुण, घोड्याचे ३, उंटाचे ३, हत्तीचे ५ आणि वजिराचे ९ असे आपण धरतो. वजीर देताना आपण ९ गुण देतो. ते परत कसे आणि किती चालींत मिळणार, हे देण्याआधी ठाऊक असले पाहिजे.

आता या तीनही गोष्टी एका खऱ्या डावात पाहू.

न्यूयॉर्कच्या क्लबात तेरा वर्षांचा मुलगा

अमेरिकेत न्यूयॉर्क शहरात मार्शल चेस क्लब नावाचा बुद्धिबळाचा जुना क्लब आहे. फ्रँक मार्शल या अमेरिकन अजिंक्यवीराने तो १९१५ मध्ये सुरू केला आणि तो आजही चालू आहे. ऑक्टोबर १९५६ मध्ये या क्लबात रोझेनवाल्ड स्मृती स्पर्धा झाली. देशातल्या निवडक १२ खेळाडूंना तिचे निमंत्रण होते. त्यांत एक मुलगा होता, बॉबी फिशर. त्याचे वय १३ वर्षे, म्हणजे आपल्या आठवीतल्या मुलांएवढेच. त्याच वर्षी जुलैमध्ये त्याने अमेरिकेचे ज्युनियर अजिंक्यपद मिळवले होते. बाकीचे सगळे मोठी माणसे, नावाजलेले खेळाडू.

१७ ऑक्टोबर रोजी त्याची गाठ डोनाल्ड बर्न यांच्याशी पडली. बर्न २६ वर्षांचे होते. १९५३ साली त्यांनी अमेरिकेची खुली स्पर्धा जिंकली होती. पांढरे मोहरे बर्न यांच्याकडे आणि काळे बॉबीकडे.

सुरुवात शांत होती. बॉबीने चौथ्याच चालीला किल्लेकोट करून आपला राजा कोपऱ्यात नेला. बर्न यांनी मधली जागा प्याद्यांनी व्यापली आणि वजीर लवकर बाहेर काढला. सहाव्या, सातव्या, दहाव्या आणि बाराव्या चालीला त्यांनी वजीरच हलवला. म्हणजे पहिल्या बारा चालींपैकी चार वजिराच्या. एफ-१ वरचा उंट आणि एच-१ वरचा हत्ती जागचे हलले नव्हते आणि राजा ई-१ वरच, मधोमध उभा होता.

शनिवारच्या तासाला आम्ही "वजीर लवकर बाहेर काढू नका" असे सांगतो, तेव्हा काही मुले हसतात. एवढा मोठा खेळाडूसुद्धा त्याच गोष्टीत कसा सापडला, ते आता पाहा.

अकरावी चाल : काठावरचा घोडा

अकराव्या चालीला बर्न यांनी एफ-४ वरचा उंट पुन्हा उचलून जी-५ वर ठेवला. दुसरा उंट बाहेर काढायचा सोडून एकाच उंटाला त्यांनी दोनदा हलवले. एक चाल वाया गेली आणि बॉबीने तेवढीच संधी साधली.

त्याने बी-६ वरचा घोडा ए-४ वर, म्हणजे पटाच्या अगदी काठावर नेऊन ठेवला. आम्ही तर मुलांना सांगतो की घोडा काठावर ठेवू नये, तिथे त्याची ताकद निम्मी होते. शिवाय ए-४ वर पांढऱ्याचा सी-३ वरचा घोडा त्याला सरळ मारू शकत होता. मग ही चाल चांगली कशी?

पाहा. ए-४ वरच्या घोड्याने सी-५ वरच्या पांढऱ्या वजिरावर हल्ला केला आहे. पांढऱ्याने त्याला सी-३ वरच्या घोड्याने मारले तर तो घोडा सी-३ वरून हलतो. ई-४ वरच्या पांढऱ्या प्याद्याला आधार होता तो त्याच घोड्याचा. आधार गेला की काळा दुसरा घोडा ई-४ वरचे प्यादे मारतो, आणि तिथे बसून एकाच वेळी सी-५ वरच्या वजिरावर आणि जी-५ वरच्या उंटावर हल्ला करतो. दोन्ही वाचवून वर राजाही सांभाळणे पांढऱ्याला फार जड गेले असते. बर्न यांनी हे ओळखले आणि घोडा मारला नाही, वजीर ए-३ वर मागे घेतला.

इथे शिकण्यासारखे काय आहे? "घोडा काठावर ठेवू नये" हा नियम चांगलाच आहे. पण नियमामागचे कारण ज्याला कळलेले असते, त्याला तो कधी मोडावा हेही कळते. बॉबीने नियम मोडला तो समोरच्याच्या आधाराचा धागा शोधून, उगाच नाही.

ई रांग कशी उघडली?

यानंतर काळ्या घोड्याने सी-३ वरचा घोडा मारला, पांढऱ्याने बी प्याद्याने परत मारले, आणि काळ्याच्या दुसऱ्या घोड्याने ई-४ वरचे प्यादे मारले. चौदाव्या चालीला बर्न यांच्या उंटाने ई-७ वरचे काळे प्यादे मारले. उंटाचा हल्ला आता काळ्याच्या वजिरावर आणि हत्तीवर एकदमच झाला. वरवर पाहता चाल फायद्याची वाटते. पण पटावर नजर टाका. ई रांगेतले पांढरे प्यादे गेले आणि आता काळेही गेले. ही रांग कुणाच्या समोरची? पांढऱ्या राजाच्या! एक प्यादे मिळवताना बर्न यांनी आपल्याच घराचा दरवाजा आपल्याच हाताने उघडला.

बॉबीने वजीर बी-६ वर नेला आणि हत्ती उंटाच्या तोंडी तसाच ठेवला. बर्न यांनी तो मारला असता तर काळ्याच्या उंटाने एफ-८ वर परत मारून थेट ए-३ वरच्या वजिरावर नजर लावली असती, आणि पांढरा राजा तेव्हाही मधोमधच. म्हणून त्यांनी उंट सी-४ वर काढला. आणखी एकच चाल मिळाली असती तर त्यांचा किल्लेकोट झाला असता.

ती एक चाल बॉबीने मिळू दिली नाही. त्याने ई-४ वरच्या घोड्याने सी-३ वरचे प्यादे मारले. या घोड्याला पांढऱ्या वजिराने मारले असते तर काळ्याने हत्ती ई-८ वर आणून ई-७ वरचा उंट परत मिळवला असता. बर्न यांनी तो उंट सी-५ वर मागे घेऊन काळ्या वजिरावर हल्ला केला. लगेच काळ्याचा हत्ती ई-८ वर येऊन शह! पांढरा राजा एफ-१ वर सरकला. राजा हलला, म्हणजे आता या डावात त्याला किल्लेकोट कधीच करता येणार नाही. एच-१ वरचा हत्तीही आपल्याच राजामागे कोंडला गेला.

सतरावी चाल : वजिराचा बळी

आता इथे थांबा आणि पट नीट पाहा. पाळी काळ्याची. काळ्याचा बी-६ वरचा वजीर पांढऱ्या उंटाच्या माऱ्यात आहे. सी-३ वरचा घोडा पांढऱ्या वजिराच्या माऱ्यात आहे. आपण असतो तर काय केले असते? बहुतेकांनी वजीर हलवला असता, आणि मग घोडा गेला असता.

बॉबीने दोन्ही तसेच ठेवले आणि जी-४ वरचा उंट ई-६ वर आणला. हा उंट सी-४ वरच्या पांढऱ्या उंटासमोर उभा राहिला. वजीर मारायचा तर मारा, असे जणू त्याने सांगितले.

बर्न यांनी वजीर न मारता ई-६ वरचा उंट मारला असता तर? ही ओळ घरी पटावर करून पाहा, मजा येईल. काळा वजीर बी-५ वर येऊन शह देतो. राजा जी-१ वर जातो. घोडा ई-२ वर शह देतो, राजा पुन्हा एफ-१ वर. घोडा जी-३ वर उडी मारतो आणि घोडा व वजीर असा दुहेरी शह बसतो. राजा परत जी-१ वर. आता काळा वजीर स्वतःहून एफ-१ वर जाऊन शह देतो. पांढऱ्या हत्तीला त्याला मारावेच लागते. आणि मग घोडा ई-२ वर येऊन मात! राजाभोवती सगळे त्याचेच मोहरे, हलायला एक घर नाही. आपल्याच माणसांच्या गर्दीत राजा घुसमटून मरतो.

बर्न यांना हे दिसले. म्हणून त्यांनी अठराव्या चालीला वजीरच मारला.

रहाटगाडगे

मग सुरू झाले ते आपण विहिरीवरच्या रहाटाच्या उदाहरणाने समजून घेऊ. रहाट एकदा फिरू लागला की गाडगे खाली जाते, पाणी भरून वर येते, रिकामे होते, पुन्हा खाली जाते.

काळ्या उंटाने सी-४ वरचा उंट मारून शह दिला. राजा जी-१ वर. घोडा ई-२ वर, शह. राजा एफ-१ वर. आता घोडा हलला की मागच्या उंटाचा शह आपोआप उघडतो, मग घोडा कुठेही जाऊ दे. तो गेला डी-४ वर आणि तिथले प्यादे खाऊन आला. राजा जी-१. घोडा परत ई-२ वर, शह. राजा एफ-१. घोडा सी-३ वर, पुन्हा उघडा शह. राजा जी-१. आणि आता सवडीने काळ्याच्या ए प्याद्याने बी-६ वरचा उंट मारला, ज्याने वजीर मारला होता तोच.

या सगळ्या वेळात पांढऱ्याला एकही चाल मनासारखी करता आली नाही. राजा जी-१ आणि एफ-१ या दोन घरांत येरझारा घालत राहिला. वर ए प्यादे बाजूला सरकल्याने ए रांग उघडली आणि काळ्याचा ए-८ वरचा हत्ती पांढऱ्या वजिरावर चालून आला. सी-३ वरचा घोडा डी-१ वरच्या हत्तीवर टपलेला होताच. पंचविसाव्या चालीला तोही हत्ती मिळाला.

आता हिशेब करू. काळ्याने दिला वजीर, म्हणजे ९ गुण. त्याच्या बदल्यात मिळाले एक हत्ती, दोन उंट आणि एक प्यादे. ५ अधिक ६ अधिक १, म्हणजे १२. वजीर "फुकट" गेला नव्हता.

पुढे बॉबीने घाई केली नाही. त्याचा हत्ती, दोन उंट आणि घोडा एकमेकांच्या आधाराने हळूहळू पुढे सरकले. एकेचाळिसाव्या चालीला सी-२ वर हत्तीने मात झाली. मात झाली तेव्हा पांढरा वजीर पटाच्या दुसऱ्या टोकाला, बी-८ वर उभा होता. नऊ गुणांचा मोहरा, पण राजाच्या मदतीला येऊ शकला नाही. एकट्या बलवानापेक्षा एकजुटीचे चौघे भारी पडले.

'चेस रिव्ह्यू' या मासिकात हान्स क्मोख यांनी या डावाला 'शतकातील डाव' असे नाव दिले, आणि आजही तो त्याच नावाने ओळखला जातो.

वजीर देण्याआधीचे चार प्रश्न

या डावावरून आम्ही मंडळासाठी चार प्रश्न काढले आहेत. मोठा मोहरा बळी देण्याआधी प्रत्येकाने ते मनात विचारावेत.

पहिला : माझा राजा सुरक्षित आहे का? बॉबीचा चौथ्या चालीपासून होता.

दुसरा : समोरचा राजा उघडा आहे का, आणि त्याच्याकडे जाणारी रांग किंवा तिरपी वाट मोकळी आहे का?

तिसरा : बळी दिल्यावर माझ्याकडे हल्ल्याला किती मोहरे उरतात, आणि त्याच्याकडे बचावाला किती आहेत? बॉबीकडे दोन उंट, घोडा आणि हत्ती कामाला लागलेले होते. बर्न यांचा एक हत्ती कोंडलेला होता.

चौथा : त्याने बळी घेतला तर पुढे काय, आणि नाही घेतला तर काय? दोन्ही उत्तरे तयार हवीत. प्रत्येक वेळी आधी शह, मग मारता येणारे मोहरे, मग धमक्या, या क्रमाने पाहावे.

आपल्या आठवीतल्या खेळाडूचा डाव या चार प्रश्नांना लावून पाहिला. त्याचा किल्लेकोट झाला होता, म्हणजे पहिले उत्तर बरोबर. पण समोरचा राजाही किल्लेकोटात होता, ए-१ वरचा हत्ती आणि एक घोडा घरातच होते, आणि "मारला तर पुढे काय" याचे उत्तर एका शहापुरतेच होते. म्हणजे चारांपैकी एका प्रश्नात तो उत्तीर्ण होता. कल्पना चुकीची नव्हती, वेळ चुकली. आणखी दोन-तीन चाली तयारीत घालवल्या असत्या तर कदाचित तोच हल्ला यशस्वी झाला असता. हे आम्ही त्याला त्याच दिवशी सांगायला हवे होते.

पालकांसाठी : गुणतक्त्यातला बॉबी

पालकांना एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. ज्या स्पर्धेत हा डाव झाला तिथे बॉबीचा कितवा क्रमांक आला असेल? पहिला तर नाहीच. ११ फेऱ्यांत तो २ डाव जिंकला, ४ हरला आणि ५ बरोबरीत सुटले. साडेचार गुण घेऊन १२ जणांत तो खालच्या अर्ध्या भागात राहिला. नुसता गुणतक्ता पाहिला असता तर "मुलगा अजून कच्चा आहे, मोठ्यांत खेळवू नका" असेच कुणी म्हटले असते. पण त्यानंतरच्याच राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत, वयाच्या १४व्या वर्षी, तो अमेरिकेचा विजेता झाला. १९७२ मध्ये आइसलँडमध्ये बोरिस स्पास्की यांना हरवून तो जगज्जेता झाला. ते चार पराभव म्हणजे त्याची शिकवणीच होती असे आम्हाला वाटते.

आपल्या मराठी माणसांतलेही उदाहरण आहे. मुंबईच्या वासंती, जयश्री आणि रोहिणी या तिघी खाडिलकर बहिणींनी महिलांच्या राष्ट्रीय बुद्धिबळात एकामागून एक अजिंक्यपदे मिळवली. त्यांतली रोहिणी १९७६ साली, वयाच्या १३व्या वर्षीच, पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. भारतात असे करणारी ती पहिलीच मुलगी. त्यावर बराच गदारोळ झाला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. शेवटी जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स यूव्ह यांनी निर्णय दिला की राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांत महिलांना मज्जाव करता येणार नाही. १९८१ मध्ये रोहिणी आशियाई महिला विजेती झाली. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने १९व्या वर्षी महिलांचा विश्वचषक जिंकला आणि ती ग्रँडमास्टर झाली, तेव्हा आम्हाला १९७६ च्या त्या मुलीची आठवण झाली. कुणीतरी आधी त्या खुर्चीवर बसण्याचा हक्क मिळवलेला असतो.

बॉबी आणि रोहिणी, दोघेही तेरा वर्षांचे. दोघांनाही हवी होती ती एकच गोष्ट : मोठ्यांच्या समोर बसायला एक खुर्ची.

आपल्या गोव्यात

आपला गोवा या खेळात मागे नाही. इव्हाना फुर्तादोने २००६ आणि २००७ अशी दोन वर्षे ८ वर्षांखालील मुलींचे जागतिक अजिंक्यपद मिळवले. अनुराग म्हामल २०१७ मध्ये गोव्याचा पहिला ग्रँडमास्टर झाला. भक्ती कुलकर्णी २०१६ मध्ये आशियाई महिला विजेती झाली, २०२२ च्या चेन्नई ऑलिंपियाडमध्ये कांस्यपदक मिळवणाऱ्या भारतीय महिला संघात होती आणि त्याच वर्षीच्या अर्जुन पुरस्काराची मानकरी ठरली. लिऑन मेंडोन्साने डिसेंबर २०२० मध्ये इटलीत शेवटचा निकष पूर्ण केला आणि १४व्या वर्षी तो ग्रँडमास्टर झाला. २००२ मध्ये जागतिक ज्युनियर स्पर्धा गोव्यात भरली, तेव्हा पुढे जगभर नाव मिळवलेला लेव्हॉन अरोनियन तिथे विजेता ठरला होता.

आणि २०२५ च्या नोव्हेंबरात तर विश्वचषकच बार्देशातल्या हडफडे गावी आला. २०६ खेळाडू, आणि नियम सरळ : हरला तो घरी. उझबेकिस्तानचा १९ वर्षांचा जावोखिर सिंदारोव्ह विजेता झाला. या २०६ जणांपैकी २०५ जण विजेतेपदाविना परतले, तेही जगातले निवडक खेळाडू. तेव्हा शनिवारच्या स्पर्धेत आपला मुलगा किंवा मुलगी हरली तर घरी जेवणाच्या पाटावर त्याचा पंचनामा नको, एवढी आमची विनंती आहे. "हरलास का?" असे न विचारता "कुठली चाल आवडली?" असे विचारून पाहा.

विश्वस्तांना विनंती

सन्माननीय विश्वस्तांपुढे आम्ही एक छोटी मागणी ठेवत आहोत. पट आणि घड्याळे पुरेशी आहेत, त्याबद्दल आम्ही आभारी आहोत. पण आमची मुले आपापसांतच खेळतात. सातवी-आठवीतल्या मुलांना एकमेकांच्या युक्त्या पाठ झाल्या आहेत. महिन्यातून एक शनिवार शाळेचे सभागृह गावातल्या मोठ्या खेळाडूंसाठी खुले करावे. वाळपईत आणि आसपासच्या गावांत ओट्यावर, दुकानाच्या पडवीत पट मांडून बसणारे जाणते खेळाडू आहेत. त्यांनी येऊन आमच्या मुलांना हरवावे. मुलींनाही त्याच पटांवर, त्याच फेरीत बसवावे. सुरुवातीला मुले पुष्कळ हरतील, ते चालेल. खर्च फक्त चहाचा आहे.

असो. लेख छापायला देण्याआधी आम्ही त्या आठवीतल्या मुलाच्या घरी गेलो. पट मांडला आणि हाच डाव त्याला दाखवला. सतराव्या चालीला थांबून "आता काळ्याने काय करावे?" असे विचारले. तो बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "सर, वजीर हलवायचा नाही ना?"

त्याला उंटाची चाल सापडली नाही. पण प्रश्न बरोबर कळला होता. पुढच्या शनिवारी तो येणार आहे. त्याचा वजीर पुन्हा एखाद्या प्याद्यावर आपटला तर या वेळी आम्ही आधी चार प्रश्न विचारू, आणि मग बोलू.